सेन्दाईतील अळूच्या देठांचे सार

परमुलुखात बिऱ्हाड मांडणाऱ्या माणसास तेथील भाषा पुढेमागे येते, हवाही अंगवळणी पडते. परंतु रोजचे ताट मात्र पहिल्या दिवसापासूनच त्याच्यासमोर येऊन ठाकते. त्यातून तो विद्यार्थी असला, हाती मोजके पैसे असले आणि स्वयंपाक दुसऱ्याच्या मर्जीचा असला, तर त्या ताटाची आठवण त्यास जन्मभर पुरते. आधुनिक चिनी साहित्याचे अग्रणी लू शुन यांची जपानमधील विद्यार्थिदशा या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. विशेष म्हणजे त्या हकीकतीत आपल्या घरच्या एका भाजीचीही अवचित गाठ पडते.

लू शुन यांचा जन्म १८८१ मध्ये चीनमधील शाओशिंग येथे झाला. वडिलांच्या आजारात घराची झालेली ओढाताण त्यांनी लहानपणी पाहिली होती. १९०२ साली सरकारी शिष्यवृत्तीवर ते जपानला गेले. टोकियोत भाषेचा अभ्यास करून १९०४ च्या सप्टेंबरात ते उत्तरेकडील सेन्दाई शहराच्या वैद्यकीय विद्यालयात दाखल झाले. टोकियोत चिनी विद्यार्थी पुष्कळ होते. या विद्यालयात मात्र ते एकटेच. विद्यालयाने त्यांची फी माफ केली आणि काही कर्मचाऱ्यांनी त्यांच्या राहण्याजेवण्याचीही काळजी वाहिली. उत्तरेची साधी कोबी दक्षिणेस गेली म्हणजे तांबड्या दोरीने बांधून फळांच्या दुकानात टांगली जाते, तसाच आपला मान झाला, असे त्यांनी पुढे विनोदाने लिहिले आहे.

या मानाच्या पाहुण्याच्या ताटात काय पडत होते, हे सांगणारी दोन साधने उपलब्ध आहेत. पहिले, ८ ऑक्टोबर १९०४ रोजी त्यांनी एका मित्रास लिहिलेले पत्र. खाणावळीसह खोलीचे महिन्याचे ८ येन. पुढच्या बाजूस माणसांचा गलबला, मागून उन्हाचा मारा. आणि जेवणात दररोज मासळी, अशी तक्रार त्यात आहे. सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत चालणारे वर्ग आणि पाठांतराचा ताण यांचेही वर्णन आहे. जपानी सहाध्यायी कुतूहलाने भेटीस येत. पण त्यांच्याशी बोलत बसण्याचाही या तरुणास कंटाळा येई.

दुसरे साधन म्हणजे १९२६ साली लिहिलेला ‘फुजिनो सेन्सेई’ हा आठवणींचा निबंध. बावीस वर्षांनंतर मासळीची तक्रार मावळली आहे. तुरुंगाशेजारच्या त्या खानावळीतील जेवण वाईट नव्हते, असे ते म्हणतात. त्रास होता तो डासांचा. तथापि त्याच खानावळीतून कैद्यांनाही जेवण जाई. एका सद्गृहस्थास ही गोष्ट या परदेशी विद्यार्थ्याच्या प्रतिष्ठेस न शोभणारी वाटली. कैद्यांच्या जेवणाचा आपल्याशी काय संबंध, हे लू शुन यांना उमगले नाही. परंतु त्या गृहस्थांचा आग्रह थांबेना. अखेर भिडेखातर त्यांनी बिऱ्हाड हलविले. नव्या ठिकाणी तुरुंग दूर होता खरा. पण तेथे रोज नशिबी आले घशाखाली न उतरणारे अळूच्या देठांचे सार!

हे वाचताना मराठी वाचक क्षणभर थबकतो. अळूचे फदफदे हा आपल्या लग्नाच्या पंगतीतला मानाचा पदार्थ, आणि देठांची दह्यातली देठी हे आजीच्या हातचे कौतुक. परगावी अळूची जुडी दिसली की घरातील वडीलधाऱ्यांचे डोळे लकाकतात. अळू खाजरे म्हणून आपण त्यात चिंच वा आमसूल घालतो. जपानातही हे देठ नीट सोलून, उकडून खावे लागतात. ते वाळवून हिवाळ्यासाठी साठविण्याची रीत तिकडे जुनी आहे. सोयाबीन आंबवून केलेल्या ‘मिसो’च्या सारात ते घालतात, आणि सेन्दाईचा तांबूस, खारट मिसो तर प्रसिद्धच आहे. ज्या वनस्पतीने एकास माहेर आठवते, तिनेच दुसऱ्यास परदेश जाणवावा, हे सर्वस्वी सवयीवर अवलंबून.

कुतूहलाचेही तसेच होते. शरीररचनाशास्त्राचे अध्यापक फुजिनो गेंकुरो हे लू शुन यांच्या टिपणवह्या दर आठवड्यास मागवून घेत आणि भाषेच्या चुकांसह सारे काही तांबड्या शाईने दुरुस्त करून देत. याच गुरुजींनी एकदा चिनी स्त्रियांचे पाय कसे बांधतात, त्यांतील हाडांचे काय होते, असे विचारून शिष्यास संकोचात टाकले. हेतू निर्मळ, पण प्रश्न बोचरा. याच्या उलट, परीक्षेत शिष्य बरा उतरताच काही सहाध्यायांनी अफवा उठविली की गुरुजींनी प्रश्न आधीच सांगितले असावेत. अफवा खोटी ठरली. परंतु मानाचा पाहुणा आणि संशयित परका यांमधील अंतर किती थोडे असते, हे त्या तरुणास कळून चुकले. पुढे वर्गात रशिया-जपान युद्धाची चित्रे दाखविताना एका चिनी माणसाच्या वधाचे दृश्य आले. भोवती चिनी बघेच उभे होते, आणि वर्गात जयघोष झाला. १९०६ साली लू शुन यांनी वैद्यक सोडून साहित्याची वाट धरली.

निरोपाच्या वेळी फुजिनो यांनी आपले छायाचित्र दिले. ते पुढे लू शुन यांच्या बीजिंगमधील घरात लिहिण्याच्या मेजासमोरील भिंतीवर होते. तांबड्या शाईच्या वह्या हरवल्या अशी त्यांची समजूत होती. त्यांच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी, १९५१ मध्ये, त्या शाओशिंग येथे सापडल्या.

आपणही महाराष्ट्राबाहेर कुणाच्या तरी शेजारी राहतो. शेजारघरून आग्रहाने आलेली वाटी आपल्या जिभेस कधी रुचते, कधी रुचत नाही. आपली वाटीही त्यांच्याकडे याच भरवशावर जाते. लू शुन यांना ते सार शेवटपर्यंत आवडले नाही, आणि त्यांनी ते प्रामाणिकपणे लिहून ठेवले. त्यामागील सद्भावास मात्र त्यांनी बोल लावला नाही.