मरते ती पुढची पिढी

हिवतापाच्या परजीवीचे जीवनचक्र आपण वर्गात शिकवतो; पण त्याच्या पेशीअंगकांची वाटणी कशी होते याकडे आपले सहसा लक्ष जात नाही.

१८८० साली लाव्हराँ यांनी अल्जीरियात हा परजीवी रक्तात पाहिला. त्याच्या पेशीत एक लवक, म्हणजे हरितलवकाचे रंगहीन भावंड आहे, हे १९९६ साली स्पष्ट झाले. कधीकाळी गिळलेल्या शैवालाचा हा अवशेष!

लवक पेशीत एकच. केंद्रके वाढत जातात तरी ते अखंड राहते. लांबते, त्याला फांद्या फुटतात आणि अगदी शेवटी तुटून सोळा-वीस जन्यपेशींपैकी प्रत्येकीला एकेक तुकडा मिळतो.

या वाटणीने एक कोडे सुटले. डॉक्सिसायक्लिन दिलेला परजीवी ४८ तासांचे चक्र पुरे करतो, विभागतोही. मरते ती पुढची पिढी. औषधाने लवकातील प्रथिननिर्मिती थांबते आणि वारशात निकामी लवक येते. म्हणूनच अत्यवस्थ रोग्याला केवळ या औषधावर ठेवता येत नाही. जोडीला झटपट काम करणारे औषध लागते.

लवकावाचून नेमके अडते काय? २०११ साली आयसोपेंटेनिल पायरोफॉस्फेट हे एकच रसायन बाहेरून पुरवले, तेव्हा लवक गमावलेले परजीवीही प्रयोगशाळेत वाढत राहिले.