मजल दरमजल : दौलताबादचा रस्ता, सायकल आणि दोनशे किलोमीटर



पेटची तयारी करणाऱ्या मुलामुलींकडून मला एक प्रश्न हमखास येतो. "दादा, चार-पाच वर्षं एकाच विषयावर काम करायचं, जमेल का हो?" खरं सांगायचं तर माझाच प्रबंध अजून व्हायचाय, त्यामुळे मोठ्या अधिकाराने उत्तर देता येत नाही. पण या प्रश्नाने मला एका वेगळ्याच विषयाच्या मागे लावलं. माणसं लांबची अंतरं कशी पार करत आली? मी विज्ञानाचा विद्यार्थी, इतिहासाचा नाही. तरीही आज थोडा इतिहास सांगतो, आणि सांगता सांगता साधनं कशी तपासायची तेही बघू.

आधी माझी फजिती

दोन वर्षांपूर्वी मी दर रविवारी सायकलवर दौलताबादला जायचो. शहरापासून साधारण पंधरा किलोमीटर. पडेगाव, मिटमिटा, शरणापूर मागे पडलं की शेतं लागतात आणि समोर देवगिरीचा डोंगर दिसायला लागतो. किल्ल्यासमोर चहा-पोहे, थोडा वेळ बसायचं आणि परत. घाई कशाचीच नाही.

दोन महिन्यांनी हुरूप आला. मित्र म्हणाला, "पैठण करू. जाऊन-येऊन शंभर." तीसवरून एकदम शंभर! जाताना झकास गेलो. नाथसागर बघितला, फोटो काढले. येताना ढोरकीन मागे पडलं आणि बिडकीन यायच्या आत माझे पाय थांबले. दुखत नव्हते, नुसते रिकामे झाले होते. हात थरथरत होते, डोळ्यांपुढे अंधारी. मित्र पुढे निघून गेलेला. मी बाभळीखाली बसून राहिलो. शेवटी एका छोटा हत्तीवाल्या काकांनी सायकल मागे टाकली, मला शेजारी बसवलं आणि विचारलं, "सकाळपासून खाल्लं काय?" दोन चहा आणि एक बिस्किटपुडा. काकांनी कपाळावर हात मारला आणि डॅशबोर्डावरची केळी पुढे केली.

त्याच महिन्यात माझं पीएचडीचं कामही असंच बसलं होतं. साहित्याचा आढावा दोन आठवड्यांत संपवायचा असं ठरवून रात्री जागवल्या आणि मग तीन आठवडे फाईल उघडलीच नाही. सोडून द्यावं का, हा विचार रोज यायचा. घरी सांगायचं कसं, एवढंच अडत होतं.

प्रश्न लहान करा

"माणूस लांबचं अंतर कसं पार करतो?" हा प्रश्न संशोधनासाठी फार मोठा आहे. त्यावर ग्रंथ होतील, प्रबंध होणार नाही. म्हणून मी तो लहान केला. लांब पल्ल्याच्या सायकलस्वारीत "दोनशे किलोमीटर" हा पहिला मोठा टप्पा मानतात. तो आकडा आणि त्याची रीत आली कुठून? आणि आपल्या दौलताबादच्या रस्त्यावर त्याआधी काही सापडतं का?

सापडतं. तेही सायकलच्या पाचशे वर्षं आधीचं.

चाळीस दिवसांचा रस्ता

१३२७ च्या सुमारास मुहम्मद बिन तुघलकाने देवगिरीला राजधानीचा दर्जा दिला आणि दौलताबाद हे नाव रूढ झालं. दिल्लीहून इथवरचा रस्ता इब्न बतूताने लिहून ठेवलाय. तो म्हणतो, वाट चाळीस दिवसांची, पण दोन्ही बाजूंना झाडं, त्यामुळे चालणाऱ्याला बागेतून गेल्यासारखं वाटतं. वाटेत गरजेचं सगळं मिळतं, जणू काही चाळीस दिवस लांबीचा एक बाजारच.

याच रस्त्यावर पायी टपाल चालायचं. दर मैलाला तीन चौक्या. धावणाऱ्याच्या एका हातात पत्र, दुसऱ्या हातात घुंगरं लावलेली काठी. घुंगरांचा आवाज आला की पुढच्या चौकीवरचा माणूस कंबर कसून तयार. पत्र त्याच्या हातात पडलं की पहिल्याचं काम संपलं. सुलतान दौलताबादला असताना त्याच्यासाठी गंगेचं पाणीसुद्धा असंच यायचं, असं इब्न बतूता सांगतो.

विचार करा, गंगेपासून दौलताबादपर्यंत पाणी पोचतंय, पण कुणीही एका दमात मैलाच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त धावत नाही. अंतर तेवढंच आहे, फक्त त्याचे तुकडे पाडलेत. आपण आजही म्हणतो ना, "मजल दरमजल करत पोचलो"? ही मजल म्हणजे अरबी-फारसीतली मंझिल, एका दिवसाच्या चालीनंतरचा मुक्काम. भाषेने अंतर मैलांत न मोजता मुक्कामांत मोजलंय.

पण थांबा, दुसरा साक्षीदार

इथे थांबून "वा, काय सुंदर व्यवस्था!" असं लिहिलं तर संशोधन कच्चं राहील. एकाच साधनावर निष्कर्ष काढायचा नाही, हा पहिला धडा.

त्याच रस्त्याबद्दल इसामी नावाच्या कवीनेही लिहिलंय. त्याच्या कुटुंबाला दिल्ली सोडावी लागली तेव्हा तो सोळा-एक वर्षांचा होता. त्याचे आजोबा नव्वदीचे. त्यांना घरातून काढून वाटेला लावलं आणि पहिल्याच मुक्कामावर, दिल्लीजवळच्या तिलपतला, ते गेले. चाळीस दिवसांच्या वाटेचा पहिला मुक्काम!

आता खरं कोण? दोघांनाही तपासा. इब्न बतूता स्थलांतरानंतर काही वर्षांनी हिंदुस्थानात आला, सुलतानाच्या चाकरीत होता, आणि त्याचा वृत्तांत १३५५ मध्ये मोरोक्कोत, आठवणीतून, सांगून लिहवून घेतलेला आहे. इसामीने आपलं काव्य १३५० मध्ये पुरं केलं, तेही तुघलकाविरुद्ध बंड करून उभ्या राहिलेल्या बहमनी दरबाराच्या आश्रयाने. सुलतानाबद्दल गोड लिहिण्याचं त्याला काहीच कारण नव्हतं. म्हणजे कल दोघांचाही आहे.

पण मला वाटतं, दोघांचं म्हणणं एकमेकांना खोडत नाही. झाडंही असतील, चौक्याही असतील. फरक एवढाच की एक जण आपल्या चालीने चालला आणि दुसऱ्याला हुकमाच्या चालीने चालवलं. टप्पे कितीही नीट आखा, चाल कुणी ठरवली यावर सगळं अवलंबून आहे. माझ्या फजितीचं कारणही मला इथेच सापडलं. पैठणच्या वाटेवर मी मित्राच्या वेगाने चाललो होतो.

बारा जून, दोन वेळा

आता सायकलकडे येऊ. १२ जून १८१७ रोजी जर्मनीतल्या मॅनहाइम शहरातून कार्ल ड्राइस आपलं दोन चाकांचं लाकडी यंत्र घेऊन निघाला. पेडल नव्हतं, जमिनीवर पाय मारत पुढे जायचं. तो कुठवर गेला? सात-एक किलोमीटरवरच्या, टपालगाड्यांचे घोडे बदलायच्या चौकीपर्यंत, आणि तासाभराच्या आत परत आला. जगातली पहिली नोंदलेली सायकलस्वारी चौकीपर्यंत जाऊन परत येण्याची होती. एकूण अंतर म्हणाल तर आपल्या शहरापासून दौलताबादपर्यंत होईल, साधारण तेवढंच!

पुढे पेडल आलं, १८८५ मध्ये स्टार्लीची साखळीवाली 'रोव्हर' आली, १८८८ मध्ये डनलॉपचा हवेचा टायर आला. १८९१ मध्ये पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही बाराशे किलोमीटरची शर्यत झाली. विजेता शार्ल तेराँ एकाहत्तर तासांहून थोडा जास्त वेळ न झोपता चालवत राहिला.

पण सामान्य माणसाचं काय? १२ जून १८९७ रोजी, पुन्हा तीच तारीख, काही इटालियन सायकलस्वार रोमहून नेपल्सला निघाले. अंतर २३० किलोमीटर, आणि वेळ सूर्योदय ते सूर्यास्त. पहिला कोण याला महत्त्व नव्हतं, पोचायला महत्त्व होतं. अशा धाडसी मंडळींना 'ऑडॅक्स' म्हणू लागले. लॅटिनमध्ये त्याचा अर्थच धाडसी. १९०४ मध्ये 'तूर द फ्रान्स' सुरू करणाऱ्या आंरी देग्रांजने फ्रान्समध्ये या प्रकाराचे नियम बांधले आणि दोनशे किलोमीटर हे त्यातलं पहिलं प्रमाणपत्र ठरलं. म्हणजे आपल्या आकड्याचं मूळ एका उन्हाळी दिवसाच्या उजेडात आहे.

देग्रांजच्या रीतीत सगळ्यांनी एका घोळक्यात, कप्तानाने ठरवलेल्या वेगाने जायचं असे. १९२१ मध्ये त्याचं आणि पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबचं बिनसलं. क्लबने वेगळी रीत काढली : ज्याने त्याने आपल्या चालीने जावं. आज जगभर ज्याला बीआरएम म्हणतात ती हीच रीत. दोनशे किलोमीटरला साडेतेरा तास, तीनशेला वीस, चारशेला सत्तावीस, सहाशेला चाळीस. वाटेत तपासणी चौक्या, तिथे कार्डावर शिक्का. आणि गंमत म्हणजे चौकीवर फार लवकर पोचलात तरी शिक्का मिळत नाही! ती उघडायची वेळही ठरलेली असते. उशिराला बंदी आहे तशी घाईलाही. भारतात ही रीत २०१० च्या आसपास पुण्याच्या दिव्या ताटे यांच्या पुढाकाराने रुजली आणि आता महाराष्ट्रात बऱ्याच शहरांत बीआरएम होतात.

एक सायकल, दोन माणसं, दोन पाय

राहिला प्रश्न माझ्या रिकाम्या पायांचा. त्याचं उत्तर स्टॉकहोममध्ये मिळतं. १९६६ मध्ये योनास बेरिस्ट्रम आणि एरिक हुल्टमन या दोघांनी स्वतःवरच प्रयोग केला. व्यायामाची एकच सायकल. एक जण एका बाजूने उजव्या पायाने पेडल मारतोय, दुसरा दुसऱ्या बाजूने डाव्या पायाने. पाय थकून जाईपर्यंत. मग तीन दिवस पिष्टमय आहार, आणि मांडीच्या स्नायूचे सुईने नमुने.

स्नायूंत साखरेचा साठा ग्लायकोजेन या रूपात असतो. थकलेल्या पायात तो जवळपास संपला होता. तीन दिवसांनी मात्र त्याच पायात तो न थकलेल्या पायाच्या दुपटीपर्यंत भरला. प्रयोगाची मांडणी बघा. माणूस तोच, रक्त तेच, जेवण तेच. फरक फक्त पायाचा. म्हणजे आराम केलेला पायच नियंत्रक गट झाला. चांगल्या मांडणीला दरवेळी मोठं बजेट लागतंच असं नाही.

आपल्या कामाचा अर्थ असा : साठा वाढतो, पण आधी तो वापरावा लागतो आणि मग खाऊन-थांबून भरू द्यावा लागतो. नुसत्या जोराने वाढत नाही, नुसत्या आरामानेही नाही.

आपल्याकडच्या चौक्या

मी पुन्हा सुरुवात केली ती दौलताबादपासूनच. महिनाभर जाऊन-येऊन तीस. मग किल्ल्यापुढचा घाट चढून कागजीपुऱ्याला थांबायचं, तिथे हातकागद अजून बनतो, आणि खुलताबादहून परत. मग वेरूळ, जाऊन-येऊन साठ. तीन आठवडे थोडं थोडं वाढवायचं, चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी. भूक लागायची वाट न बघता दर पाऊण तासाला केळं नाहीतर चिक्की. उन्हाळ्यात उजाडायच्या आत निघायचं, मराठवाड्याचं ऊन कुणाला सोडत नाही. सहा महिन्यांनी पैठण पुन्हा केलं. ज्या बाभळीखाली बसलो होतो तिथे थांबून केळं खाल्लं आणि पुढे निघालो.

गेल्या हिवाळ्यात अजिंठा लेणी, जाऊन-येऊन साधारण दोनशे. फुलंब्री, सिल्लोड, अजिंठा, आणि परतताना घाट चढायचा. बारा तास चाळीस मिनिटं लागली. मित्र माझ्या कितीतरी आधी घरी पोचला होता. या वेळी मी त्याच्या मागे धावलो नाही.

प्रबंधाचंही तसंच केलं. "आढावा संपवायचा" हे वहीतून खोडलं आणि "आज दोन पेपर, अर्धं पान" असं लिहिलं. मनात आलं तरी तिसरा पेपर उघडायचा नाही, चौकीची वेळ झालेली नाही! मार्गदर्शकांना दर शनिवारी ती अर्धी-अर्धी पानं दाखवतो. तेवढाच माझा शिक्का. दोन प्रकरणं झालीत, तीन बाकी आहेत. "जमेल का?" याचं उत्तर मला अजूनही माहीत नाही. पण सोडायचा विचार आता रोज येत नाही.

तर या रविवारी एक करा. विषय अजून सुचला नसेल तरी चालेल. सायकल असेल तर काढा, नसेल तर मागून घ्या, आणि जिथून आरामात परत येता येईल एवढ्याच लांब जा. परत आलात की वहीत दोन ओळी लिहा : आजचा टप्पा किती होता, आणि चाल कुणाची होती?