शरणपूर : आश्रयाच्या इतिहासातील एक पान

नाशिकच्या शरणपूर रस्त्याने आपण नेहमी जातो-येतो. परंतु या नावाच्या ख्रिस्ती वसाहतीत एके काळी आफ्रिकेतून आलेल्या मुलांना आश्रय मिळाला होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते. निर्वासितांचा प्रश्न जगापुढे असताना आपल्या गावचे हे पान पालकांनी व विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावे.

एकोणिसाव्या शतकात पूर्व आफ्रिकेतील माणसे पकडून झांझिबारच्या बाजारात विकली जात. हे पाप एका जमातीचे नव्हते. अरब व्यापारी, भांडवल पुरविणारे हिंदी सावकार आणि युरोपीय मळेवाले असे सर्वच त्यात होते. म्हणूनच एकट्या सत्तेला ते थांबविता येईना. १८४५ साली सुलतान सय्यद सईद यांनी ब्रिटिशांशी करार करून आपल्या आफ्रिकी मुलखाबाहेर गुलाम पाठविण्यास बंदी मान्य केली. त्यानंतर ब्रिटिश आरमार गुलामांची गलबते अडवू लागले.

पण सुटका झालेल्या मुलांचे पुढे काय? किनाऱ्यावर परत सोडावे, तर पुन्हा पकडले जाण्याचे भय. अनेकांना मुंबईस उतरविण्यात आले व त्यांतील काहींना शरणपूरच्या आश्रमात ठेवण्यात आले. रेव्हरंड विल्यम प्राइस यांच्या देखरेखीखाली तेथे अक्षरओळखीबरोबर सुतारकाम व लोहारकाम शिकविले जाई. मुलांना नवा धर्म व नवी नावे मिळाली; आईबापांनी ठेवलेली नावे मात्र बहुतेकांची कायमची हरपली, हेही विसरता येत नाही.

याच शाळेतला जेकब वेनराइट. १८७३ साली संशोधक लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारले, तेव्हा त्यांच्या दफनस्थळी प्रार्थना वाचून झाडावर लेख कोरणारा तोच. सुसी, चुमा आदी सोबत्यांनी त्यांचा देह शेकडो मैल वाहून किनाऱ्यास आणला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमधील अंत्यविधीस जेकब हजर होता.

त्याच १८७३ साली, नाकेबंदीचा धाक घातला गेल्यावर, सुलतान बरगश यांनी नव्या करारावर सही केली. गुलामांचे बाजार बंद झाले. मुक्त झालेल्यांचे रक्षण करण्याची व त्यांना पुन्हा गुलाम करू पाहणाऱ्यास शिक्षा देण्याची हमी सुलतानांनी दिली. हिंदी संस्थानांच्या प्रजाजनांना गुलाम बाळगण्यास मनाई करण्याचे ब्रिटिशांनी कबूल केले. अशा रीतीने दोन्ही बाजूंनी जबाबदारी वाटून घेतली. परिणामी परतीची वाट खुली झाली. १८७५ साली मोंबासाजवळ फ्रियरटाऊन वसले व नाशिक-मुंबईकडील सुमारे दीडशे आफ्रिकी तेथे गेले.

नाशिकचाच विल्यम जोन्स १८६४ साली तिकडे गेला होता. पुढे त्याच्या राबाई येथील वसाहतीत मालकांकडून पळालेले शेकडो गुलाम आसऱ्याला आले. मालक त्यांना परत मागू लागले. अखेर ब्रिटिश कंपनीचे मॅकेंझी यांनी मालकांना भरपाई दिली आणि १ जानेवारी १८८९ रोजी निरनिराळ्या मिशनांच्या आश्रयास असलेल्या हजाराहून अधिक माणसांना मुक्तीचे दाखले मिळाले. एके काळी स्वतः आश्रय घेतलेला माणूस येथे आश्रयदाता झाला होता!

जिवाला धोका असेल तेथे निर्वासिताला परत धाडू नये, हे तत्त्व १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारात लिहिले गेले. भारताने त्यावर सही केलेली नाही; तरीही तिबेटी व श्रीलंकेतील तमिळ निर्वासितांना आपल्या देशाने आसरा दिला आहे. २०१८ साली संयुक्त राष्ट्रांनी या कामाचा भार सर्व देशांनी वाटून घ्यावा असा जाहीरनामा स्वीकारला, पण तो बंधनकारक नाही.

विद्यार्थी मित्रांनो, करारांमुळे त्या मुलांच्या बेड्या तुटल्या. परंतु झाडावर लेख कोरणारा हात शाळेत घडला. बेघर होऊन आपल्या गावी आलेल्या मुलाला वर्गात जागा द्यावी, पाटी द्यावी. आणि त्याहीआधी त्याचे नाव विचारावे, व तेच नाव हजेरीपटावर लिहावे.