हरणाऱ्या संघाचा प्रशिक्षक

कामगार चळवळीतल्या माणसाने फुटबॉलवर बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. परंतु संघ हरू लागला की प्रशिक्षकाला काढावे काय, हा प्रश्न मुळात नोकरीवरून काढण्याचा प्रश्न आहे, आणि बडतर्फीच्या प्रकरणांत आमचे अर्धे आयुष्य गेले आहे. शाळा आम्हाला फारशी लाभली नाही. जे शिकलो ते आरोपपत्रे वाचता वाचता शिकलो. तेव्हा हे प्रकरणही त्याच रीतीने तपासू : आरोप काय, पुरावा काय, आणि दोष नेमका कोणाचा?

प्रकरण इंग्लंडातील मँचेस्टर युनायटेड या क्लबाचे आहे. तेथे प्रशिक्षकाला मॅनेजर म्हणत. तो नुसता कसरत करून घेणारा नव्हे. खेळाडू निवडणे, नवे घेणे, जुने सोडणे हेही त्याच्याच हाती असे. मॅट बझ्बी यांनी १९४५ पासून हा संघ घडवला. १९५८ साली म्युनिकच्या विमान अपघातात आठ खेळाडू दगावले, तरी त्यांनी संघ पुन्हा उभा केला आणि १९६८ साली युरोपचा चषक जिंकला. ते १९६९ साली पायउतार झाले. पुढच्या सतरा वर्षांत पाच मॅनेजर आले आणि गेले, परंतु लीगचे अजिंक्यपद १९६७ नंतर एकदाही हाती लागले नाही.

नोव्हेंबर १९८६ मध्ये रॉन अ‍ॅटकिन्सन यांना काढून अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांना आणले गेले. हा गृहस्थ आमच्या जातकुळीचा. ग्लासगोच्या गोव्हन भागात, जहाज बांधणाऱ्या कामगाराच्या घरी जन्मलेला. कारखान्याच्या टूलरूममध्ये उमेदवारी केली, कामगारांचा प्रतिनिधी झाला, उमेदवारांच्या संपात पुढे राहिला. १९७८ साली सेंट मिरेन क्लबाने त्यांना काढले. हे अन्यायाने झाले म्हणून ते न्यायाधिकरणापुढे गेले आणि दावा हरले. नंतर त्यांनीच अ‍ॅबर्डीनसारख्या लहान शहराच्या संघाला १९८३ साली रिअल माद्रिदवर विजय मिळवून देऊन युरोपचा कप विनर्स चषक आणला.

अशा माणसालाही मँचेस्टरात तीन वर्षे यश आले नाही. १९८८-८९ मध्ये संघ अकरावा आला. १९८९ च्या उन्हाळ्यात नव्या खेळाडूंवर मोठा पैसा खर्च झाला, आणि सप्टेंबरात गावातल्याच मँचेस्टर सिटीने ५-१ असा धुव्वा उडवला. नोव्हेंबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंत लीगचा एकही सामना जिंकता आला नाही. तीन वर्षे सबबी ऐकल्या, आता निरोप घ्या, अशा अर्थाचा फलक एका प्रेक्षकाने स्वतःच्याच मैदानावर झळकवला. आरोपपत्र भक्कम होते, हे मान्य केले पाहिजे.

७ जानेवारी १९९० रोजी एफ. ए. चषकाच्या सामन्यात मार्क रॉबिन्सच्या एका गोलाने नॉटिंगहॅम फॉरेस्टचा पराभव झाला, आणि मे महिन्यात चषक घरी आला. त्या एका गोलाने फर्ग्युसन वाचले, असे लोक आजही सांगतात. क्लबाचे अध्यक्ष मार्टिन एडवर्ड्स यांनी मात्र पुढे सांगितले की, सामना हरलो असतो तरी त्यांना काढणार नव्हतो. कारण गुणतक्त्यात न दिसणारे काम चालू होते. मुले हेरणाऱ्यांचे जाळे वाढवले होते, खेळाडूंच्या दारूबाजीला आळा घातला जात होता. त्या जाळ्याचे फळ म्हणजे १९९२ साली युवकांचा चषक जिंकणारी गिग्ज, बेकहॅम, बट आणि नेव्हिल ही पोरे. १९९३ साली, सव्वीस वर्षांनी, लीग जिंकली. २०१३ पर्यंत तेरा वेळा.

तर मग कोणालाच काढू नये काय? असे आम्ही म्हणणार नाही. अ‍ॅटकिन्सन यांना काढले नसते तर फर्ग्युसन आले नसते. लेस्टरने २०१६ साली अजिंक्यपद मिळवून देणाऱ्या रानिएरींना फेब्रुवारी २०१७ मध्ये काढले. कृतघ्नपणा झाला, परंतु संघ लागलीच जिंकू लागला आणि खालच्या वर्गात जाण्यापासून बचावला.

येथे स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. एका कारखान्यात उत्पादन घसरले, बोनस बुडाला. आम्ही खात्याच्या मॅनेजरविरुद्ध घोषणा दिल्या. तो गेला, आम्ही पेढे वाटले. नवा माणूस आला, यंत्रे तीच मोडकी राहिली, आणि वर्षभरात खाते बंद होऊन आमची माणसे घरी बसली. मालकाने यंत्रांवर पैसा घातला नाही, हे आम्हाला ठाऊक नव्हते असे नाही. परंतु मॅनेजर रोज डोळ्यांसमोर दिसतो, जमाखर्चाची वही दिसत नाही. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, तशातली गत झाली.

त्याच मँचेस्टरात पुढे काय घडले पाहा. जुलै २०२४ मध्ये एरिक टेन हाग यांचा करार वाढवला; त्याच महिन्यात सुमारे २५० नोकऱ्या कमी करण्याचे ठरले; आणि ऑक्टोबरात टेन हाग यांनाही काढले. ते, त्यांचे काही सहकारी आणि एक वरिष्ठ अधिकारी यांच्या जाण्यापोटी क्लबाच्या हिशेबात सुमारे १ कोटी ४५ लाख पौंड खर्ची पडले. प्रशिक्षक भरपाई घेऊन गेला. कार्यालयातल्या माणसांनी तर एकही सामना हरला नव्हता! आणि तीन महिन्यांपूर्वी ज्यांनी करारावर सही केली, त्यांच्यावर आरोपपत्र कोणी बजावले?

म्हणून आमचे मत असे. काढण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात : दोष याच माणसाच्या हातातला आहे काय, त्याने पेरलेले काही उगवण्याच्या बेतात आहे काय, आणि त्याच्या जागी कोण येणार हे ठरले आहे काय. तिन्ही उत्तरे त्याच्याविरुद्ध गेली तर खुशाल काढावे. परंतु चौकशी त्याच्यापाशी थांबवू नये. नेमणूक करणाऱ्यालाही त्याच बाकावर बसवावे. आम्ही त्या वर्षी ते केले नाही. त्याची किंमत ज्यांनी मोजली, ती माणसे अजून रस्त्यात भेटली की नमस्कार करतात, आणि आम्हाला मान वर करवत नाही.