सर रेमंड वेस्ट आणि अदालतींचे शास्त्री

सर रेमंड वेस्ट हे जन्मानें आयरिश (1832). 1856 सालीं मुंबई इलाख्यांत सनदी नोकरीस लागून पुढें ते हायकोर्टाचे न्यायाधीश व मुंबई विश्वविद्यालयाचे कुलगुरु झाले. पण संशोधकांस त्यांचे निवाड्यांहून त्यांचा ‘डायजेस्ट’ अधिक मोलाचा वाटेल. वारसा, वांटणी, दत्तक यांविषयीं इंग्रज न्यायाधीश अदालतींतील शास्त्र्यांस लेखी प्रश्न करीत. शास्त्री आधारवचनें देऊन व्यवस्था लिहीत. 1864 च्या कायद्यानें हीं शास्त्र्यांचीं पदेंच गेलीं. दप्तरांत पडलेल्या त्या व्यवस्था वेस्ट व एल्फिन्स्टन कॉलेजांतील डॉ. ब्यूलर यांनीं निवडून, विषयवार लावून 1867 व 1869 सालीं दोन भागांत छापल्या. आधार लंगडा दिसला तेथें शास्त्र्यांविरुद्ध टीपही दिली, हें योग्यच झालें. उत्तरांखालीं गांव व तारीख असल्यानें कोठला शास्त्री मिताक्षरेवर विसंबे व कोठला मयूखावर, हें कळतें. पुण्याच्या विश्रामबागवाड्यांत 1821 पासून पाठशाळेंत धर्मशास्त्र शिकवीत. त्या विद्येचा व्यवहार समजण्यास असें दुसरें साधन विरळा. ज्यांच्या बस्त्यांत असे प्रश्नोत्तरी कागद असतील, त्यांनीं ते रद्दींत न टाकतां त्यांवरील तारखा या ग्रंथाशीं ताडून पाहाव्या.