जन्मस्थान : सिंध

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. निमित्त आहे जनगणनेचे. २०२१ साली व्हायची ती कोरोनामुळे लांबली आणि आता २०२७ मध्ये होणार आहे. म्हणजे २०११ नंतर तब्बल सोळा वर्षांनी कोणीतरी दारात येऊन विचारणार, "जन्म कुठला?"

हा जन्मस्थानाचा रकाना माझ्या फार ओळखीचा. मुलुंडला मराठी शाळेत नोकरी केली, तेव्हा दर वर्षी जून महिन्यात जनरल रजिस्टर भरायचे काम माझ्याकडे असे. कोणी जुना विद्यार्थी दाखल्याची दुसरी प्रत मागायला आला की जुनी रजिस्टरे काढावी लागत. १९४९-५० च्या पानांवर रत्नागिरी, राजापूर, सातारा, जुन्नर अशी नावे ओळीने असत आणि मधेच एखादे सक्कर, लारकाना, शिकारपूर. एका ठिकाणी 'हैदराबाद' लिहून पुढे कंसात 'सिंध' असे लिहिलेले. निजामाचे हैदराबाद समजू नये म्हणून त्या वेळच्या गुरुजींनी घेतलेली काळजी!

घरातल्या लग्नाकार्यात पंगत उठली आणि पान जमले, की "बाहेरच्यांनी मुंबई भरली" हा विषय निघतोच. त्यात आपली तरुण भाचरेही असतात, म्हणून इतिहास शिकवणाऱ्या बाईने थोडे आकडे सांगावेत असे वाटले.

१९२१ च्या जनगणनेत मुंबई शहरात राहणाऱ्या शंभर माणसांपैकी मुंबईत जन्मलेली होती अवघी सोळा. चौऱ्याऐंशी बाहेर जन्मलेली! गिरण्या, गोदी, रेल्वे यांच्यासाठी माणूस बाहेरूनच येत होता आणि त्यात सगळ्यांत मोठा वाटा होता आपल्या रत्नागिरी जिल्ह्याचा. माझे वडीलही तिकडूनच बोटीने आले. मूळचे म्हणावे तर कोळी, आगरी, ईस्ट इंडियन आणि आपल्या डोंगराच्या पायथ्याचे वारली. त्यांनी तक्रार केली तर आपल्याला ऐकून घ्यावी लागेल. बाकी आपण सारे कधी ना कधी वळकटी घेऊन उतरलेलेच.

"अहो, पण ते देशातल्या देशात. परदेशातून आलेल्यांचे काय?" असे एक भाचेजावई म्हणाले. प्रश्न रास्त आहे. मुंबईत परदेशात जन्मलेले लोक म्हटले की डोळ्यासमोर इराणी हॉटेलवाले, बगदादी ज्यू, माझगावचे चिनी येतात. पण आपल्या उपनगरांपुरते बोलायचे, तर परदेशात जन्मलेल्यांचा मोठा लोंढा आला तो १९४७ नंतर, सिंधमधून. आणि ते परदेशी झाले कसे, ही कथा मोठी विचित्र आहे.

कराचीत १९२५ साली जन्मलेली एक मुलगी कल्पनेत घ्या. तेव्हा सिंध हा मुंबई इलाख्याचा भाग होता. म्हणजे १९३१ च्या जनगणनेच्या वेळी ती मुंबईत असती, तर आपल्याच इलाख्यात जन्मलेली ठरली असती, जशी रत्नागिरीची किंवा धारवाडची. १ एप्रिल १९३६ रोजी सिंध वेगळा प्रांत झाला. १९४१ ला ती परप्रांतात जन्मलेली. १९४७ ला फाळणी झाली आणि १९५१ ला ती पाकिस्तानात, म्हणजे परदेशात जन्मलेली! बाई तीच, कराचीही तिथेच. सरहद्द तेवढी हलली.

६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल उसळली आणि तोपर्यंत "बघू, निवळेल" म्हणणाऱ्या सिंधी हिंदूंनीही बंदर गाठले. कितीतरी जण बोटीने मुंबईलाच उतरले. एवढ्या माणसांना ठेवायचे कुठे? महायुद्धातल्या रिकाम्या लष्करी छावण्या उपयोगी पडल्या. कल्याणच्या छावणीत सुमारे लाखभर माणसे राहिली. तिचेच ८ ऑगस्ट १९४९ रोजी उल्हासनगर झाले, पण लोक पत्ता सांगताना अजून 'कॅम्प नंबर चार' असेच सांगतात. चेंबूरचा कॅम्प, शीव कोळीवाड्यातली पंजाबी वस्ती आणि आमची मुलुंड कॉलनी, ही सगळी त्याच काळातली. १९५१ च्या जनगणनेत देशभर अशा विस्थापितांची संख्या ७२ लाखांच्या वर भरली.

आणखी एक गंमत सांगते. मुलुंड तेव्हा मुंबईत नव्हतेच! महापालिकेची हद्द १९५० साली भांडुपपर्यंत आली आणि मुलुंड, दहिसर आत आले ते १९५७ साली. म्हणजे मुलुंड कॉलनीतला सिंधी आणि आमच्या चाळीतला कोकणी हे दोघे एकाच दिवशी मुंबईकर झाले.

सगळे गोडीगुलाबीने झाले असे नाही हं. 'निर्वासित' हा शब्द आमच्या लहानपणी शिवीसारखा वापरला जाई. ते कमी नफ्यावर माल विकतात म्हणून जुने दुकानदार चिडत. गाडीत गोळ्या-बिस्किटे विकणाऱ्या मुलांना लोक हुसकून लावत. त्यांनाही हा शब्द टोचत असणार. एका विद्यार्थ्याचे आजोबा मला म्हणाले होते, "बाई, आम्ही सरकारकडे काम मागितले, भीक नाही." सक्करला त्यांचे दोन मजली घर होते आणि इथे एका बराकीत गोणपाटाच्या पडद्यामागे चार कुटुंबे राहत होती.

मला मास्तरीण म्हणून सगळ्यांत भावते ती शाळांची देवाणघेवाण. कराचीत एक जुनी शाळा आहे, नारायण जगन्नाथ वैद्य हायस्कूल. स्थापना १८५५. सिंधमधली ही पहिली सरकारी शाळा आणि तिला नाव आहे एका मराठी माणसाचे! नारायण जगन्नाथ हे सिंध प्रांताचे उपशिक्षणाधिकारी होते. सिंधी हिंदू ज्या खुदाबादी लिपीत लिहीत, तिला प्रमाण रूप देण्याचे काम १८६८ साली मुंबई सरकारने त्यांच्याकडेच सोपवले होते. पुढे १८८७ साली कराचीत डी. जे. सिंध कॉलेज निघाले, ते मुंबई विद्यापीठाला जोडलेले. कराचीचा मुलगा बी. ए. होई तो मुंबईचा!

आणि साठ वर्षांनी काय झाले? त्याच डी. जे. सिंध कॉलेजातून निघून आलेल्या प्राध्यापकांनी १९४८ साली मुंबईत जयहिंद कॉलेज सुरू केले. सिंधमधल्या हैदराबादचे नॅशनल कॉलेज १९४९ साली वांद्र्याला नव्याने उभे राहिले. चेंबूरला १९६२ साली विवेकानंद एज्युकेशन सोसायटी काढली ती हशू अडवाणी यांनी. तेही सिंध-हैदराबादचे, पुढे महाराष्ट्राचे अर्थमंत्री झाले. आपल्या नातेवाइकांपैकी किती मुले या कॉलेजांतून शिकली, मोजा एकदा. आमच्याच घरात तिघे निघतील.

आता उलटे उदाहरण. मा. दीनानाथ मंगेशकर जन्मले गोव्यात मंगेशीला, केसरबाई केरकर केरीला, मोगूबाई कुर्डीकर कुर्डीला. हा सगळा पोर्तुगालच्या राज्यातला मुलूख, १९ डिसेंबर १९६१ पर्यंत. कायद्याने पाहिले तर ही सारी परक्या राज्यात जन्मलेली माणसे. पण त्यांना परके म्हणायचे कुणाच्या मनात तरी आले का? गोव्याची सरहद्द पुसली गेली, सिंधची नवी आखली गेली. म्हणून मला वाटते, त्या रकान्यातून सरहद्द कुठे आहे ते कळते, माणूस परका आहे की नाही ते कळत नाही.

सरहद्दीपलीकडे गेलेल्या गावाबरोबर भाषेचेही हाल होतात, हे मात्र खरे. सिंधीला स्वतःचे राज्य नाही. आठव्या परिशिष्टात तिला जागा मिळाली ती १९६७ साली. अरबी वळणाची लिपी की देवनागरी, या वादात एक पिढी गेली आणि नंतरची इंग्रजी शाळेत गेली. राष्ट्रगीतातून 'सिंध' शब्द काढावा म्हणून कोणी सर्वोच्च न्यायालयात गेले होते, ती मागणी २००५ साली फेटाळली गेली. शब्द राहिला, पण माझ्या ओळखीच्या घरांत आजोबांची पत्रे नातवंडांना वाचता येत नाहीत. आपल्या मराठी शाळांचे पट पाहते तेव्हा हे जास्तच जाणवते. आपल्याला तर राज्य आहे!

असो. फाळणीपूर्वी सिंधमध्ये जन्मलेला लहानात लहान माणूससुद्धा २०२७ मध्ये ऐंशीच्या उंबरठ्यावर असेल. त्याच्या पुढच्या जनगणनेत आपल्या वॉर्डात 'जन्मस्थान : सिंध' सांगणारे किती उरतील? रकान्यात देशाचे नाव येईल. गल्ली, शाळा, बोटीचे भाडे, बराकीतली पहिली रात्र हे कोणी विचारणार नाही.

तेव्हा माझी एक विनंती. तुमच्या मजल्यावर, मंदिरात, बागेच्या बाकावर अशी एखादी दादी असेल तर शेजारी बसा आणि गावाचे नाव विचारा. त्यांच्याच तोंडचा उच्चार वहीत देवनागरीत लिहून ठेवा. कराचीहून परत आलेली मराठी घरेही होती, त्यांच्यातले कोणी असेल तर त्यांनाही विचारा. आणि हो, आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांना विसरू नका. माझे वडील कोणत्या बंदरावर बोटीत बसले, हे आता सांगायला आमच्याकडे फक्त थोरल्या आत्याबाई आहेत. पुढच्या रविवारी वही घेऊन त्यांच्याकडे जाणार आहे.