ट्रॉफी कुणाला, कॅमेरा कुणावर?

२२ फेब्रुवारी १९८९. लॉस एंजेलिसच्या श्राइन ऑडिटोरियममध्ये ग्रॅमी पुरस्कारांचा सोहळा सुरू होता आणि सीबीएस वाहिनीवरून अख्खी अमेरिका तो बघत होती. त्या रात्री ट्रेसी चॅपमन नावाची चोवीस वर्षांची कृष्णवर्णीय गायिका गिटार घेऊन मंचावर आली. मागे नर्तक नाहीत, दिव्यांचा खेळ नाही. तिनं ‘फास्ट कार’ हे स्वतः लिहिलेलं गाणं गायलं आणि त्या वर्षीचे तीन ग्रॅमी घेऊन घरी गेली.

त्याच दिवशी ग्रॅमीच्या इतिहासात पहिल्यांदा रॅप संगीताला पुरस्कार मिळाला. तो जिंकला डीजे जॅझी जेफ आणि फ्रेश प्रिन्स या जोडीनं. यातला फ्रेश प्रिन्स म्हणजे पुढे हॉलिवूडचा स्टार झालेला विल स्मिथ. पण हा पुरस्कार घ्यायला दोघंही आले नाहीत. आयोजकांचं म्हणणं होतं की पुरस्कार सत्तरहून अधिक आहेत, टीव्हीवर त्यातले डझनभरच बसतात, तेव्हा रॅपचा पुरस्कार कॅमेरे सुरू होण्याआधीच देऊन टाकू. यावर जॅझी जेफ, स्मिथ, एलएल कूल जे, सॉल्ट-एन-पेपा अशा नामांकन मिळालेल्या मंडळींनी सोहळ्यावर बहिष्कार टाकला. आयरिश गायिका शिनेड ओ’कॉनर त्या रात्री गायली, पण डोक्यावर ‘पब्लिक एनिमी’ या रॅप गटाचं चिन्ह रंगवून.

ट्रॉफी मिळत असताना एवढं चिडायचं कशाला? कारण या पोरांना धंद्याचं एक साधं गणित कळलं होतं. ट्रॉफी कपाटात जाते, गाणं घराघरात जातं ते कॅमेऱ्यामुळे. आणि गेल्या काही दशकांतले चार्ट पाहिले तर त्यांचं गणित बरोबर होतं असंच दिसतं.

लताबाईंचा नकार

या भांडणाची एक जुनी आवृत्ती आपल्याकडेही आहे. १९५७ साली ‘चोरी चोरी’च्या संगीतासाठी शंकर-जयकिशन यांना फिल्मफेअर पुरस्कार जाहीर झाला. सोहळ्यात लता मंगेशकरांनी ‘रसिक बलमा’ गावं अशी संगीतकारांची इच्छा होती. लताबाईंनी नकार दिला. पुरस्कार संगीतकाराला, गायकाला काहीच नाही, मग गायकानं येऊन गायचं कशासाठी? दोनच वर्षांनी फिल्मफेअरनं पार्श्वगायनाचा पुरस्कार सुरू केला आणि पहिला मान ‘मधुमती’तल्या ‘आजा रे परदेसी’साठी लताबाईंनाच मिळाला.

तेव्हा आपल्याकडे टीव्ही नव्हता, त्यामुळे भांडण ट्रॉफीवरून झालं. अमेरिकेत १९८९ साली ते कॅमेऱ्यावरून झालं. पण दोन्ही ठिकाणी कलाकारांना एक गोष्ट पक्की माहीत होती. सोहळ्याला गाण्याची गरज असते, आणि गाणं रोखून धरता येतं.

फोन करून बनणारा चार्ट

ग्रॅमी सुरू झाले १९५९ साली, पण सोहळ्याचं थेट प्रक्षेपण सुरू व्हायला १९७१ उजाडलं. तिथून पुढे दरवर्षी हिवाळा सरता सरता अमेरिकेतल्या रेकॉर्डच्या दुकानांत एक लाट यायला लागली. सोहळ्यात ज्याला पाहिलं, त्याची रेकॉर्ड मागायला लोक यायचे.

पण या लाटेची उंची किती, हे नेमकं कुणालाच सांगता येत नसे. त्याचं कारण चार्ट बनवण्याच्या पद्धतीत होतं. ‘बिलबोर्ड’ मासिकाची माणसं दर आठवड्याला ठरावीक दुकानांना फोन करायची आणि तुमच्याकडे सध्या सगळ्यात जास्त काय खपतंय, असं विचारायची. दुकानदार किती प्रती गेल्या हे सांगत नसे. पहिला अमुक, दुसरा तमुक, असा क्रम सांगे. त्यात दुकानदाराची आवड-निवड मिसळायची, कंपनीच्या माणसांशी असलेली दोस्तीही मिसळायची. कुठलं संगीत ‘मोठं’ आणि कुठलं ‘किरकोळ’ याबद्दलचे पूर्वग्रह तर असायचेच. रॅप आणि कंट्री संगीताला याचा सगळ्यात जास्त फटका बसला.

तरीही लाट कधीकधी इतकी मोठी असायची की ती झाकता यायची नाही. बॉनी रेट ही ब्लूज गाणारी गायिका. १९८३ साली तिच्या कंपनीनं तिला काढून टाकलं होतं. १९८९ च्या मार्चमध्ये आलेला तिचा ‘निक ऑफ टाइम’ हा अल्बम वर्षभर बऱ्यापैकी चालत होता. फेब्रुवारी १९९० च्या ग्रॅमीमध्ये तिला चार पुरस्कार मिळाले आणि एप्रिलमध्ये, म्हणजे बाजारात येऊन तब्बल वर्ष उलटल्यावर, तो अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला.

मग आला २५ मे १९९१ चा अंक. ‘बिलबोर्ड’नं अल्बमच्या चार्टसाठी साउंडस्कॅन ही नवी पद्धत स्वीकारली. दुकानाच्या काउंटरवर बारकोड ‘टिंग’ करून वाजला की विक्री नोंदली जाणार, दुकानदाराला विचारायचं कामच नाही. महिन्याभरात काय झालं? एन.डब्ल्यू.ए. या रॅप गटाचा अल्बम पहिल्या क्रमांकावर येऊन बसला. ज्या संगीताचा पुरस्कार दोनच वर्षांपूर्वी टीव्हीवर दाखवायला वेळ नव्हता, ते देशात सगळ्यात जास्त खपत होतं. ते आधीही खपत असणारच. पण कुणी नीट मोजत नव्हतं आणि कुणी दाखवतही नव्हतं.

तीन मिनिटांची किंमत

मोजणी पक्की झाल्यावर टीव्हीवरच्या एका गाण्याची ताकद आकड्यांत दिसायला लागली.

२४ फेब्रुवारी १९९९ च्या ग्रॅमीमध्ये पोर्तो रिकोचा रिकी मार्टिन गायला. १९९८ च्या फुटबॉल विश्वचषकाचं त्याचं गाणं जगभर गाजलं होतं, पण इंग्रजी बोलणाऱ्या अमेरिकेला तो फारसा माहीत नव्हता. ढोल, ट्रम्पेट आणि नर्तक घेऊन त्यानं तेच गाणं सादर केलं आणि समोर बसलेले नामवंत उठून उभे राहिले. मे महिन्यात त्याचा पहिला इंग्रजी अल्बम आला. पहिल्याच आठवड्यात ६ लाख ६१ हजार प्रती खपल्या आणि तो थेट पहिल्या क्रमांकावर उतरला. त्यानंतर अमेरिकी कंपन्या लॅटिन गायकांच्या शोधात धावत सुटल्या.

इथे एक शंका येते. मार्टिनला त्या रात्री पुरस्कारही मिळाला होता. मग लोकांनी दुकान गाठलं ते ट्रॉफी पाहून की गाणं ऐकून?

याचं बऱ्यापैकी स्वच्छ उत्तर लंडनमध्ये मिळतं. १५ फेब्रुवारी २०११ ला ब्रिट पुरस्कारांचा सोहळा झाला. त्यात ॲडेलनं एका पियानोच्या साथीवर ‘समवन लाइक यू’ गायलं. शेवटी तिचे डोळे भरून आले. त्या रात्री तिला एकही पुरस्कार मिळाला नाही. पण तोवर डाउनलोडचा जमाना आला होता. दुकान उघडायची वाट बघायची नाही, सोफ्यावर बसल्या बसल्या गाणं विकत घ्यायचं. त्या आठवड्यात हे गाणं ब्रिटनच्या चार्टवर ४७ व्या क्रमांकावरून थेट पहिल्यावर गेलं. तिची दोन गाणी आणि दोन अल्बम एकाच वेळी पहिल्या पाचांत आले. हयात कलाकाराच्या बाबतीत असं त्याआधी झालं होतं ते १९६४ मध्ये, बीटल्सच्या वेळी.

अमेरिकेत ख्रिस स्टेपलटनची गोष्ट याहून नाट्यमय आहे. नॅशव्हिलमध्ये हा माणूस कित्येक वर्षं दुसऱ्यांसाठी गाणी लिहायचा. मे २०१५ मध्ये त्याचा स्वतःचा पहिला अल्बम ‘ट्रॅव्हलर’ आला. १४ व्या क्रमांकापर्यंत जाऊन खाली घसरला आणि मुख्य चार्टच्या बाहेर गेला. ४ नोव्हेंबरला कंट्री म्युझिक असोसिएशनच्या सोहळ्यात तो जस्टिन टिम्बरलेकबरोबर ‘टेनेसी व्हिस्की’ गायला. हे गाणं मुळात १९८१ चं, म्हणजे नवीन काहीच नव्हतं. स्टेपलटनला त्या रात्री तीन पुरस्कार मिळाले, पण दुसऱ्या दिवशी चर्चा होती ती गाण्याची. पुढच्या आठवड्यात १ लाख ७७ हजारांचा खप नोंदवून ‘ट्रॅव्हलर’ चार्टवर परतला तो थेट पहिल्या क्रमांकावर. चार्टबाहेर गेलेला अल्बम परत येताना पहिलाच आला, असं तोवर कधी झालं नव्हतं.

प्रत्येकाचं असं होत नाही. बहुतेक गाणी आठवडाभर उसळतात आणि पुन्हा जागच्या जागी जातात. कंपन्यांनाही हे ठाऊक असतं, म्हणून त्या नवी आवृत्ती, नवं गाणं, नवा दौरा अशा घोषणा सोहळ्याच्या आसपासच करतात. टिकतात ते कोण, हे पाहिलं तर एक साम्य सापडतं. ॲडेल, स्टेपलटन किंवा चॅपमन यांच्या सादरीकरणात बघण्यासारखं फार काही नव्हतं. ऐकण्यासारखं होतं. दोन तासांच्या झगमगाटात कुणीतरी शांतपणे गायला लागलं, की घरातला मोबाइलवर खेळणारा माणूससुद्धा मान वर करतो.

ती परत आली

चॅपमनला मोठं केलं तेही टीव्हीनंच. ११ जून १९८८ ला लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर नेल्सन मंडेलांच्या सत्तरीनिमित्त मैफल झाली. मंडेला तेव्हा तुरुंगात होते. साठहून अधिक देशांत ती मैफल दिसत होती. चॅपमन दुपारीच गाऊन मोकळी झाली होती. संध्याकाळी स्टीव्ही वंडरची पाळी आली, तेव्हा त्याच्या वाद्याची हार्ड डिस्क सापडेना आणि तो मंचावर यायचा थांबला. रिकामा वेळ भरायला कुणीतरी हवं होतं. चॅपमनला फक्त एक माइक लागणार होता, म्हणून तिला पुन्हा पाठवलं. ऑगस्ट संपायच्या आत तिचा अल्बम ब्रिटन आणि अमेरिका, दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर जाऊन आला होता आणि ‘फास्ट कार’ अमेरिकेत सहाव्या क्रमांकावर पोचलं होतं.

पुढे ती प्रसिद्धीपासून लांब गेली. २००९ नंतर तिनं दौरा केला नाही. मग २०२३ मध्ये ल्यूक कॉम्ब्स या कंट्री गायकानं ‘फास्ट कार’ पुन्हा गायलं. ते दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं आणि कंट्री म्युझिक असोसिएशननं सर्वोत्तम गीताचा पुरस्कार मूळ गीतकाराला, म्हणजे चॅपमनला दिला. कृष्णवर्णीय गीतकाराला हा मान पहिल्यांदाच मिळत होता. ती सोहळ्याला गेली नाही. पण नव्या पिढीतल्या अनेकांना हे गाणं कॉम्ब्सचंच वाटत होतं.

४ फेब्रुवारी २०२४ च्या ग्रॅमीमध्ये मंचावर अंधार होता. गिटारची ओळखीची सुरावट सुरू झाली आणि कॅमेरा वाजवणाऱ्या बोटांवरून वर सरकला. चॅपमन हसत होती, केस पिकले होते. कॉम्ब्स तिच्या शेजारी उभा राहून, तिच्याकडे बघत, जवळजवळ विद्यार्थ्यासारखा गात होता.

कॉम्ब्सच्या ‘फास्ट कार’ला त्या वर्षी नामांकन होतं. पुरस्कार मिळाला नाही. तो मिळाला ख्रिस स्टेपलटनला! पण सोहळा संपायच्या आतच लोक फोन काढून मूळ गाणं शोधत होते. काही तासांत १९८८ चं ‘फास्ट कार’ आयट्यून्सवर पहिल्या क्रमांकावर गेलं आणि त्या आठवड्यात ‘बिलबोर्ड’च्या हॉट १०० मध्ये ४२ व्या क्रमांकावर परतलं. गाणं जिचं होतं तिचं नाव पुन्हा त्याला चिकटलं.

त्याच दिवशी, काही तास आधी, उस्ताद झाकीर हुसेन यांनी तीन ग्रॅमी जिंकले. माहीमचा तबलजी, एका दिवसात तीन. त्यात शंकर महादेवन यांच्यासह ‘शक्ती’चा अल्बम होता, राकेश चौरसियांच्या बासरीबरोबरचं काम होतं. आपल्याकडे वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर फोटो छापले. पण हे पुरस्कार दुपारच्या कार्यक्रमात दिले गेले, जो फक्त इंटरनेटवर दिसतो. आता ग्रॅमीचे विभाग नव्वदहून जास्त आहेत आणि त्यातले बहुतेक दुपारीच उरकले जातात. संध्याकाळी लाखो लोक टीव्हीपुढे बसले तोवर झाकीरभाईंच्या ट्रॉफ्या देऊन झाल्या होत्या. तबला त्या मंचावर वाजलाच नाही. डिसेंबरमध्ये झाकीरभाई गेले.

आज मोजण्याचा प्रश्न जवळपास सुटला आहे. तुम्ही लोकलमध्ये ऐकलेलं एखादं गाणंसुद्धा कुठेतरी नोंदलं जातं. दाखवण्याचा प्रश्न मात्र १९८९ मध्ये होता तिथेच आहे. संध्याकाळच्या साडेतीन तासांत कुणाला तीन मिनिटं द्यायची, हे आजही मोजकी माणसं ठरवतात. म्हणून पुढच्या सोहळ्यानंतर विजेत्यांची यादी चाळून झाली, की दुपारी काय वाटलं गेलं तीही यादी एकदा उघडून बघा. आणि त्यातलं एखादं नाव शोधून लावा.